पूरनकाशा उघडल्यावर नको त्या लेअर्स दिसतात, हव्या त्या दिसत नाहीत: कारणं आणि उपाय

विश्वामित्री नदीत ज्याचं पाणी सोडतात त्या आजवा सरोवराच्या पातळीचे मेसेज यायला लागले की बडोद्यातल्या सोसायट्यांच्या आणि गणेश मंडळांच्या ग्रुपांवर घरीच केलेले नकाशे फिरू लागतात. कुठलं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) भरलं, कोणता पूल चालू आहे, निवाऱ्याची जवळची शाळा कोणती. आमच्या ओळखीतली बरीच मंडळी यासाठी यूमॅप ही नकाशे करायची वेबसाइट वापरतात. त्याला पैसे लागत नाहीत, खाली ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) नकाशा आयता मिळतो, आणि पाहणाऱ्याला कुठलंही ॲप घ्यावं लागत नाही, लिंक दाबली की झालं.

आणि दर पावसाळ्यात त्याच तक्रारी येतात. "नकाशा रिकामाच उघडतो." "सगळं बडोदं निळं दिसतंय, खरंच एवढं पाणी आहे का?" "ती लेअर मी बंद केली होती, तरी काकांच्या फोनवर दिसतेच आहे." यातल्या बहुतेक वेळा माहिती बरोबर असते, पिना जागच्या जागी असतात. फक्त लिंक उघडताक्षणी काय दिसावं, हे कुणी बसून ठरवलेलं नसतं. नकाशा करणाऱ्याच्या लॅपटॉपवर जे चाललं ते सगळ्यांना तसंच दिसेल असं गृहीत धरलेलं असतं.

यूमॅपमध्ये एखादी लेअर, म्हणजे एका प्रकारच्या माहितीचा थर, दिसणार की नाही हे एका जागी ठरत नाही, चार जागी ठरतं. लेअरच्या नावापुढचा डोळा, लेअरच्या सेटिंगमधला 'डिस्प्ले ऑन लोड' हा पर्याय, झूमची मर्यादा, आणि वाटलेल्या लिंकमध्ये अडकून बसलेली लेअर्सची यादी. तक्रार आली की आधी एवढंच शोधायचं की यातल्या कुठल्या जागी अडलंय. सगळीकडे एकदम हात घातला तर काय केल्याने सुधारलं हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डोळा मिटून सेव्ह केलं, तरी दुसऱ्याला दिसतंच

ही सगळ्यात नेहमीची तक्रार आणि सगळ्यात सोपी. लेअरच्या नावाशेजारचा डोळा हा फक्त तुमच्या पडद्यापुरता असतो. काम करताना गर्दी कमी करायला तो आहे. तुम्ही तो मिटून सेव्ह केलं तर तुमचे बाकीचे बदल सेव्ह होतात, पण डोळ्याची स्थिती त्यात जात नाही. दुसऱ्या कुणी लिंक उघडली की ती लेअर पुन्हा हजर.

उपाय असा: एडिट मोडमध्ये जा, लेअरच्या नावापुढची पेन्सिल दाबा, सेटिंग उघडेल. तिथे 'डिस्प्ले ऑन लोड' बंद करा आणि मग सेव्ह करा. पाहणाऱ्याला ती लेअर यादीत दिसत राहते, हवी असेल तर तो स्वतः चालू करू शकतो. उलटही तितकंच खरं आहे. तुमच्याकडे डोळा उघडा आहे म्हणून लेअर सगळ्यांना दिसतेय असं समजू नका.

तपासायचं कसं? तुमच्याच ब्राउझरमध्ये तीच टॅब पुन्हा लोड करून नाही. खासगी विंडो उघडा, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन घ्या, आणि ग्रुपवर टाकलेली लिंकच तिथे दाबा. लोकांपर्यंत जी लिंक गेली आहे तीच तपासायची, तुमच्या बुकमार्कमधली नाही. का, ते पुढे येईल.

मला दिसतं, ताईला दिसत नाही

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ झूममुळे होतो आणि तो पटकन लक्षात येत नाही.

लेअरला 'फ्रॉम झूम' आणि 'टू झूम' अशा मर्यादा देता येतात. फ्रॉम झूम १५ दिला तर त्याहून दूरून पाहणाऱ्याला ती लेअर दिसणारच नाही. कल्पना चांगली आहे. गल्लीबोळातल्या बारीक पिना अख्ख्या शहराच्या नकाशावर दाखवून उपयोग नसतो. पण मर्यादा ठरवणारा बहुतेक वेळा लॅपटॉपसमोर बसलेला असतो, आणि पाहणारा फोनवर असतो.

आकडे बघा. झूम एका पायरीने वाढला की नकाशा दुप्पट मोठा होतो. बडोद्याच्या अक्षांशावर झूम १२ ला पडद्यावरचा एक पिक्सेल जमिनीवर साधारण ३५ मीटर असतो. नेहमीच्या फोनचा पडदा आडवा ३९० पिक्सेल धरला तर त्यात जेमतेम १४ किलोमीटर मावतात, म्हणजे गोरव्यापासून तरसालीपर्यंतचं शहर कसंबसं. तोच झूम १२ लॅपटॉपच्या १३६६ पिक्सेलच्या पडद्यावर ४८ किलोमीटर दाखवतो. आता लॅपटॉपवर बसलेला माणूस शहर डोळ्यांत भरावं म्हणून झूम १४ वर येतो, तिथे सगळं छान दिसतं, आणि तो मर्यादा १४ टाकतो. फोनवरच्या माणसाला झूम १४ म्हणजे साडेतीन किलोमीटरचा तुकडा. त्याला शहर बघायचं असतं म्हणून तो १२ वर असतो. त्याच्यासमोर कोरा नकाशा.

म्हणून मर्यादा फोन हातात धरूनच ठरवा. आमचा अनुभव असा की ज्या लेअरवर कुणाचा जीव अवलंबून असू शकतो तिला झूमची मर्यादा लावूच नये. बंद रस्ते आणि पूल अख्खं शहर दिसत असतानाही दिसलेच पाहिजेत. दवाखाने, औषधांची दुकानं, पिण्याच्या पाण्याचे टँकर यांना १४ चालतो, कारण ते शोधणारा माणूस आपल्या भागाजवळ येतोच. घराघराची माहिती, ट्रान्सफॉर्मर, सोसायट्यांच्या गच्चीवरचे संपर्क असल्या गोष्टींना १६.

याच तक्रारीचं दुसरं कारण म्हणजे लिंक. यूमॅपचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत बघितलात तर त्याच्या शेवटी झूम आणि अक्षांश-रेखांश जोडलेले दिसतात. तुम्ही नकाशा हलवाल तसे ते बदलतात. काळ्या घोड्याजवळच्या एका गल्लीवर झूम १८ करून बसला असताल आणि पट्टीतला पत्ता उचलून ग्रुपवर टाकलात, तर सगळ्यांचा नकाशा त्याच गल्लीवर उघडणार. मांजलपूरच्या माणसाला वाटणार नकाशात आमचं काहीच नाही. पाठवायच्या आधी पत्त्यातला हॅशपासून (#) शेवटपर्यंतचा भाग काढून टाका, किंवा शेअरच्या पॅनेलमधून लिंक घ्या. मग सेव्ह केलेलं केंद्र आणि झूम लागू होतात.

नवी लेअर काढली, पण जुन्या लिंकवर येतच नाही

शेअरच्या पॅनेलमध्ये 'सध्या दिसणाऱ्या लेअर्स तशाच ठेवा' अशा अर्थाचा एक पर्याय आहे. तो निवडला की लिंकच्या पत्त्यात त्या वेळी दिसत असलेल्या लेअर्सची यादी जाऊन बसते. मग ती लिंक 'डिस्प्ले ऑन लोड' मानत नाही, स्वतःची यादी मानते. जूनमध्ये अशी लिंक वाटलीत, सोसायटीच्या वेबसाइटवर नकाशाची चौकट बसवलीत, आणि ऑगस्टमध्ये 'बंद रस्ते' ही नवी लेअर काढलीत, तर जुन्या लिंकवर ती चालू होऊन येणार नाही. सेटिंगमध्ये कितीही खटपट करा.

ओळखायला सोपं आहे. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर 'डेटालेअर्स' असा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे आकडे-अक्षरांची रांग असेल तर तेच कारण. साधी लिंक नव्याने वाटा. पूरनकाशासाठी हा पर्याय वापरूच नका असं मी म्हणेन. लग्नाच्या हॉलचा रस्ता दाखवायला ठीक आहे, तिथे नकाशा पुढे बदलत नाही.

नकाशा भलत्याच ठिकाणी उघडतो

सुरुवातीचं दृश्य 'सगळा डेटा मावेल असं' ठेवलं असेल आणि एक जरी पिन भरकटली असेल तर नकाशा पार दूर जातो. पिन भरकटते ती बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाल्याने. बडोदं साधारण २२.३ उत्तर, ७३.२ पूर्व. शीटमध्ये हे दोन आकडे उलट पडले की पिन ७३.२ उत्तर, २२.३ पूर्व इथे जाते, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. ती आणि बडोदं दोन्ही मावायला नकाशा एवढा मागे जातो की झूमची मर्यादा असलेली प्रत्येक लेअर गायब होते. तक्रार मात्र "लेअर्स दिसत नाहीत" अशीच येते, म्हणून लोक लेअर्सच्या सेटिंगमध्ये शोधत बसतात.

पिन दुरुस्त करा, आणि सुरुवातीचं दृश्य 'सेव्ह केलेलं केंद्र आणि झूम' वर ठेवा. 'वापरणाऱ्याचं ठिकाण' हा पर्यायही मोहात पाडतो, पण त्याला लोकेशनची परवानगी लागते, आणि आणंदला किंवा पुण्याला बसून आईवडिलांची काळजी करणाऱ्या मुलांसाठी तो निरुपयोगी आहे. अशा मुलांचे फोन पुराच्या रात्री फार येतात.

आता मुख्य प्रश्न: सुरुवातीला चालू काय ठेवायचं?

वरचं सगळं यंत्राचं झालं. ते एकदा कळलं की कळलं. पण कुठली लेअर उघडताच दिसावी हे माणसाने ठरवायचं असतं, आणि तिथे विचार कमी पडला तर नकाशा नसलेला बरा.

२०१९ च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. २०२४ च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्यात होता. या दोन्ही वेळी पाणी कुठवर आलं ते लोकांनी आठवणीतून, फोटोंवरून, भिंतीवरच्या रेषांवरून नकाशावर काढून ठेवलंय. हे काम मोलाचं आहे. घर घेताना, मीटर वर सरकवताना, गाड्या कुठे नेऊन लावायच्या हे ठरवताना त्याचा उपयोग होतो. म्हणूनच करणाऱ्याला ते सगळ्यात आधी दाखवावंसं वाटतं, आणि ती लेअर सुरुवातीलाच चालू राहते. निळ्या रंगाने भरलेली.

आता ती रात्री दीड वाजता उघडणाऱ्या माणसाच्या नजरेने बघा. दांडिया बाजारात एक काकू आहेत, अकोट्याला लेक राहते, तिच्याकडे लहान बाळ आहे. वीज गेलेली, फोनची बॅटरी उतरत आलेली. नातीला म्हणतात, "अगं, अकोट्याचा पूल चालू आहे का बघ ना." नात लिंक दाबते. नदीच्या दोन्ही काठांना निळाई, कारेलीबाग निळी, मुजमहुडा निळा. '२०२४' हे नाव लेअरच्या यादीत आहे, पण यादी कोपऱ्यातल्या बटणाखाली मिटलेली आहे. ती मुलगी काय समजेल? हे आत्ताचं पाणी आहे असंच समजेल. दुसरं काही समजायला नकाशाने तिला जागाच ठेवलेली नाही.

जुनं पाणी सुरुवातीला बंद. याला अपवाद मला तरी सुचत नाही. शिवाय चालू केल्यावरही ते आजचं वाटू नये अशी सोय करा: आतला रंग काढून टाका, नुसती तुटक रेषा ठेवा, आणि निळा सोडून दुसरा रंग द्या, तपकिरी किंवा राखाडी. यूमॅपमध्ये भरण बंद करणं आणि रेष तुटक करणं दोन्ही लेअरच्याच सेटिंगमध्ये होतं, एकेका आकृतीला हात लावावा लागत नाही. निळा रंग फक्त आजच्या पाण्यासाठी राखून ठेवा.

मग चालू काय? माझं मत: आत्ता खरी असलेली आणि बघणाऱ्याला पुढचं पाऊल ठरवायला लागणारी माहिती, तेवढीच. आमच्याकडे त्या तीन लेअर्स निघतात. बंद रस्ते आणि भरलेली गरनाळी, पुलांची स्थिती, आणि निवाऱ्याच्या जागा. अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी आहे की नाही यावर स्टेशनच्या पलीकडच्या अर्ध्या शहराचा रस्ता ठरतो. सयाजीगंजजवळच्या परशुराम भठ्ठ्यासारख्या नदीकाठच्या वस्तीला निवाऱ्याची शाळा कुठली हे आधी हवं असतं. चौथी लेअर घालायची इच्छा झाली की आधी विचारा, ही नसली तर कुणी चुकीच्या रस्त्याने जाईल का?

यातही एक अट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बंद रस्त्यांची लेअर चालू ठेवायची तर ती ताजी ठेवणारी माणसं हवीत. आजव्याचे दरवाजे उघडल्यावर तासादोन तासांत चित्र पालटतं. सकाळी चालू असलेला पूल दुपारी बंद असतो. चार तास कुणी हात न लावलेली लेअर हिरव्या खुणेने "पूल चालू" सांगत राहिली तर ती लेअर नसण्यापेक्षा वाईट. म्हणून प्रत्येक पिनच्या माहितीत वेळ लिहा, आणि अद्ययावत करणारी माणसं झोपायला गेली तर ती लेअर सुरुवातीला बंद करून झोपा. दिवसातून एकदोनदा हा पर्याय बदलावा लागला तरी बदला. 'डिस्प्ले ऑन लोड' एकदा लावून विसरायची गोष्ट नाही.

मगरींच्या लेअरबद्दल दरवर्षी वाद होतो. विश्वामित्रीत मगरी आहेतच, आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या सोसायट्यांच्या आवारात, रस्त्यावर येतात. भीती खरी आहे. लेअर केली की तिच्यावर सगळ्यात जास्त पिना पडतात, फोटो पडतात, लोक पुन्हा पुन्हा तीच बघतात. पण मगर एका जागी बसून राहत नाही. तीन तासांपूर्वीची पिन तुम्हाला काहीच सांगत नाही, उलट जिथे पिन नाही तिथे मगर नाही असं वाटायला लावते, आणि हा समज धोक्याचा आहे. पाणी चढत असताना ही लेअर बंद ठेवा. पाणी ओसरायला लागलं, लोक चिखल काढायला खाली उतरले की ती चालू करा, जुन्या पिना काढून, आणि वनखात्याला कळवलं आहे का हे पिनमध्ये लिहून. त्या दिवसांत ती खरोखर कामाची असते.

वॉर्डांच्या हद्दी, उंचीच्या रेषा, पावसाळी नाल्यांचं जाळं: बंद. ज्याला लागतं त्याला ते शोधता येतं.

थोडं वजनाबद्दल

बंद लेअरचा आणखी एक फायदा आहे. सुरुवातीला बंद असलेल्या लेअरचा डेटा यूमॅप तोवर उतरवतच नाही, चालू केली की मगच आणतो. हाताने काढलेल्या पाणीरेषेत हजारो बिंदू असतात, आणि पुराच्या रात्री नेटवर्क रांगत असतं. जुन्या दोन पाणीरेषा बंद ठेवल्या की नकाशा लवकर उघडतो. त्याची दुसरी बाजू अशी की न उतरलेल्या लेअरमधली नावं यादीतल्या शोधात सापडत नाहीत. एखाद्या दवाखान्याचं नाव शोधून मिळत नाही अशी तक्रार आली तर आधी ती लेअर चालू आहे का ते बघायला सांगा.

निवाऱ्याच्या जागांना क्लस्टर लावू नका. क्लस्टर लावलं की मूळ सेटिंगप्रमाणे ८० पिक्सेलच्या आतल्या पिना एकत्र होऊन त्यांच्या जागी एक गोळा आणि त्यात आकडा येतो. घाबरलेल्या माणसाला '७' लिहिलेल्या गोळ्यातून काय कळणार? त्याला शाळेचं नाव हवंय. क्लस्टर वापरायचंच असेल तर कचरा, पडलेली झाडं अशा तक्रारींच्या पिनांना वापरा.

लेअर्सची नावं अशी ठेवा की यादी उघडणाऱ्याला सेटिंग समजून घ्यावंच लागू नये. 'पाणी २' नको. 'जुनं पाणी: ऑगस्ट २०२४ (आजचं नाही)' असं सरळ लिहा. आमच्याकडे घरात मराठी, बाहेर गुजराती, म्हणून नावं दोन्ही लिपींत देतो. फोनवर लांब नाव कापलं जातं, तेव्हा महत्त्वाचा शब्द आधी. सुरुवातीला पॅनेल उघडं ठेवण्याची सोयही आहे, पण फोनवर ते नकाशाचा मोठा भाग झाकतं, म्हणून मी ते बंदच ठेवते. त्याऐवजी ग्रुपवर लिंक टाकताना खाली एक ओळ लिहा: "उघडल्यावर फक्त आजची माहिती दिसेल, दवाखाने आणि जुनं पाणी बघायला थरांचं चिन्ह दाबा."

पाणी उतरल्यावर

सुरुवातीच्या लेअर्स त्याच दिवशी बदला. बंद रस्त्यांची लेअर बंद, तिच्या जागी औषधं, पिण्याचं पाणी, गाळ काढणारी पथकं आणि मीटर तपासणारे वायरमन. पुलांची लेअर शेवटचा पूल सुरू होईपर्यंत राहू द्या. निवाऱ्याच्या शाळांमध्ये पुन्हा वर्ग सुरू झाले की त्या पिनाही काढा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तरी बंद फाटकापाशी जाऊन उभं राहील. आणि यंदाची पाणीरेषा काढून झाली की ती नव्या लेअरमध्ये घाला, नावात महिना आणि साल लिहा, 'डिस्प्ले ऑन लोड' बंद करा, मग खासगी विंडोत ग्रुपवरची लिंक उघडून ती खरंच दिसत नाही ना, हे बघा.